मोजणी आली

गेल्या हिवाळ्यात एकवीस दिवस मी मराठवाडा आकाशातून पाहिला, आणि त्या एकवीस दिवसांत माझे पाय एकदाही जमिनीवरून सुटले नाहीत. लोकांना वाटतं, हवाई फोटो काढणारा म्हणजे हेलिकॉप्टरच्या दारात पाय सोडून बसलेला कुणी धाडसी माणूस. मी बावन्न वर्षांची बाई. बाभळीच्या सावलीत घडीची खुर्ची, गळ्यात रिमोट, स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून डोक्यावरून पुढं ओढलेली ओढणी, असं माझं उड्डाण चालतं. आयुष्यात मी विमानात बसलेली नाही. विमानतळावर दोनदा गेलेय, दोन्ही वेळा परदेशातून उतरणारा नवरदेव शूट करायला.

कारण माझा खरा धंदा लग्नांचा. शहरात छोटा स्टुडिओ आहे. दौलताबादच्या बाजूला एखाद्या शेतात नवरा-नवरीला हात धरून पळायला लावायचं आणि वरून ड्रोननं टिपायचं, हे मी अकरा वर्षं केलं. लग्नाआधी एवढं पळून घेतात, पुढचं त्यांचं ते बघतील. पण मनात एक हौस होतीच. कधीतरी असं काहीतरी वरून टिपावं, ज्याला 'जरा हसा' म्हणून सांगावं लागत नाही.

ती हौस एका नव्या हॉटेलच्या मालकांनी पुरी केली. त्यांना लॉबीत लावायला मोठाले फोटो पाहिजे होते, मराठवाड्याचा निसर्ग आणि वन्यजीव, सगळं वरून. गृहस्थ भले. समोर बसवून त्यांनी मला तीन अटी सांगितल्या. फोटोत हिरवळ पाहिजे. प्राणी पाहिजेत, पण शिकार करणारे नकोत, कारण खालचं भोजनालय शुद्ध शाकाहारी आहे. आणि माणसं अजिबात नकोत. माणूस आला की फोटो दुष्काळाचा वाटतो म्हणे. मी मान डोलावली. लग्नांच्या धंद्यात मानेला ती सवय लागलेली असते.

रस्ता ठरला. पैठण, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, हिंगोली, परभणी, जालना आणि शेवटी सिल्लोडकडून पिशोर, देवगाव रंगारी करत घरी. मी यादी करत बसले होते, तर बाबा म्हणाले, "मी येणार."

"तुम्ही काय करणार, बाबा?"

"बसणार."

यावर काय बोलणार? गाडी त्यांच्याच नावावर. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, डोळे मात्र शाबूत. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळं त्यांना एकटं ठेवून जाणंही जिवावर आलं होतं. निघालो. बाबा अजून औरंगाबाद म्हणतात, मी संभाजीनगर म्हणते, आणि शहराबाहेर पडेपर्यंत आम्ही दोघंही एकाच खड्ड्यात आदळत होतो.

बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. कुणाचं शेत कुठं संपतं आणि कुणाचं कुठं सुरू होतं, हे साखळी टाकून सांगायचं, दगड रोवायचे, बांध ठरवायचा, ही त्यांची नोकरी. बांधावरून भावाभावांची डोकी फुटायच्या आत पोचायचं, असं ते म्हणायचे. आमच्या घरात त्यांच्या प्रामाणिकपणाचा एक किस्सा देवासारखा पूजला जायचा. मोजणीला गेल्यावर बाबा कुठल्याच पार्टीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. सोबत स्वतःचा फिरकीचा तांब्या. आई हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. शाळेत मी 'माझे वडील' या निबंधात तो तांब्या घातला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

पहिला मुक्काम पैठणच्या बाजूला, नाथसागराच्या काठावर. अभयारण्याची हद्द सोडून, जिथं परवानगी होती तिथं, सकाळी ड्रोन वर सोडला. बाबांनी त्याचं नाव लगेच 'भुंगा' ठेवलं. उथळ पाण्यात दोन-अडीचशे फ्लेमिंगो उभे होते. वरून बघितलं तर ताटात डाळिंबाचे दाणे सांडल्यासारखे दिसले. माझा एक नियम आहे. पक्ष्यांनी माना वर केल्या की ड्रोन मागं घ्यायचा. उडालेल्या पक्ष्यांचा फोटो लोकांना लई आवडतो, पण ते पक्षी भिऊन उडालेले असतात, आणि घाबरवून काढलेला फोटो मला लग्नातसुद्धा चालत नाही. म्हणून उंचावरूनच फिरवत होते. बाबा शेजारी वाकून स्क्रीन बघत होते.

"त्या रेघा कशाच्या?"

"कुठल्या?"

"पाण्याखाली बघ की."

खरंच होत्या. फ्लेमिंगोंच्या पायांखाली, गढूळ पाण्यात, सरळ सरळ काळपट रेघा. चौकोन, त्याला लागून चौकोन. मला वाटलं लेन्सवर काही आलं. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं माय, बांध आहेत ते! धरणात गेलेली शेतं. पन्नास वर्षं पाण्याखाली आहेत, तरी दिसतात."

मला फ्लेमिंगोंचं पडलं होतं. बॅटरी संपत आली म्हणून ड्रोन खाली घेतला आणि बघते तर बाबा खुर्चीत बसून नुसते पाण्याकडं बघत होते. मग म्हणाले, "परतताना पिशोरजवळ एक शेत आहे. तेवढं मला भुंग्यातून दाखव. मरायच्या आत मला एक बांध बघायचाय."

तिथंच काठावर, पोळी-भाजीचा डबा मांडीवर घेऊन, त्यांनी मला सांगितलं. नोकरीचं दुसरंच वर्ष. पिशोरजवळच्या एका खेड्यात नाल्याला पूर आला आणि दोन शेतांमधला बांध वाहून गेला. एक शेत गावातल्या मातब्बर घराचं, दुसरं, नाल्याच्या बाजूचं, विहाराकडच्या वस्तीतल्या एका कुटुंबाचं. वाद लागला, मोजणी मागवली. मूळ बांध कुठं होता हे जुन्या कागदात होतं, आणि जुना कागद निजामाच्या काळचा, उर्दूत. नाल्याकाठच्या दगडापासून बांधापर्यंत चार साखळ्या आणि वर काही आणे. तेहतीस फुटांची एक साखळी, आणि साखळीचे सोळा आणे. आता गंमत अशी, की उर्दूतला नऊ हुबेहूब आपल्या मराठी एकासारखा दिसतो. बाबा मराठी शाळेत शिकलेले. कचेरीत उर्दू वाचणारे एक म्हातारे कारकून होते, ते त्या दिवशी रजेवर. बाबांनी तो आकडा एक आणा वाचला, तसा बांध टाकला आणि परतले.

"पुढं चार-पाच वर्षांनी उर्दू अंक शिकलो, तेव्हा तो आकडा आठवला. कागद काढायला गेलो, तर तो भाग वाळवीनं खाल्लेला. म्हणजे तो एक होता का नऊ, हे मला आजवर ठाऊक नाय. एक असला तर मी बरोबर. नऊ असला तर त्या वस्तीतल्या माणसाचं आठ आणे रुंदीचं शेत मी दुसऱ्याला देऊन आलो. साडेसोळा फूट, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

मी म्हणाले, "बाबा, साठ वर्षं झाली त्याला."

"मग? हे पन्नास वर्षं पाण्याखाली होते."

मला गलबलून आलं, खरं सांगते. इतकी वर्षं हा माणूस एक आकडा छातीवर घेऊन झोपत होता. असला बाप असल्याचा मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला! तो पुढं एकोणीस दिवस टिकला.

मधल्या दिवसांचं काय सांगू? हिरवळ शोधत फिरले आणि हिरवं म्हणून जे दिसलं तो ऊस निघाला. बालाघाटात एका घारीला माझा ड्रोन आवडला नाही. ती दोनदा त्याच्यावर झडप घालून गेली, आणि मी रिमोटवर घामाघूम होत असताना बाबा खुर्चीतून घारीला म्हणत होते, "शाब्बास! हद्द तिची आहे, तूच शिरलीस." नांदेडकडं मोरांनी दोन दिवस वाट बघायला लावली आणि तिसऱ्या दिवशी दर्शन दिलं ते एका शाळेच्या पत्र्यावर.

पण सगळ्यात मोठा वैताग वेगळाच होता. आमच्याकडं शेतावर ड्रोन दिसला की लोकांच्या मनात वन्यजीव येत नाहीत. परभणीच्या बाजूला काळवीटांचा एक कळप माळावर चरत होता. मी तासभर दबा धरून बसले, वारा बघितला, ड्रोन लांबून वर नेला, चौकट जुळत आली, आणि पलीकडच्या तुरीतून आरोळी आली.

"मोजणी आली! मोजणी आली रे!"

झालं! काळवीट गेले जालन्याच्या दिशेनं आणि माणसं आली माझ्या दिशेनं. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात घडी घालून घालून फाटलेला नकाशा. "रस्ता इकडून जातोय का?" "आमचं किती जाणार?" मी ओरडून सांगत होते, अहो मी जनावरांचे फोटो काढतेय. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "व्हय, सगळे आधी असंच सांगत्यात."

आणि बाबा? बाबा खुर्चीत ताठ बसून एकेकाचा सातबारा चष्म्याजवळ धरून वाचत होते. "गट फुटलाय का तुमचा? पोटहिस्सा कधी झाला?" लोक रांगेत उभे. कुणीतरी चहा आणला, बाबांनी हात जोडून नको म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडीत बसल्यावर मी फाडफाड बोलले. गाव मागं पडल्यावर ते म्हणाले, "तुझी जनावरं पळाली, माझी माणसं आली. त्यात माझं काय चुकलं?"

हे पुढं गावोगाव झालं. मी सांगायचं, फोटो. लोकांनी म्हणायचं, मोजणी. बाबांनी म्हणायचं, बघू.

पिशोरला आम्ही शेवटच्या दिवशी पोचलो. सकाळचं कोवळं ऊन होतं. गावापासून आत एका खेड्याच्या शिवारात बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि काठी टेकत सरळ नाल्याकडं निघाले. साठ वर्षांनी! मला कालची पार्किंगची जागा आठवत नाही, आणि हा माणूस हरभऱ्याच्या कडेकडेनं चालत जाऊन एका झुडपाजवळ उभा राहिला. हद्दीचा दगड तिथं होता. चुना उडालेला, अर्धा मातीत.

"इथून वर सोड."

मी ड्रोन वर सोडला. आणि मी स्क्रीनवर वाकले, पण बाबांच्या बांधामुळं नाही. हरभऱ्यात पाच रोही, म्हणजे नीलगायी, उभे होते. चार माद्या आणि एक निळसर काळा नर. सकाळच्या उन्हात त्यांच्या सावल्या त्यांच्यापेक्षा लांब पडलेल्या. बाजूला एक बांधीव विहीर, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी. सगळीकडं हिरवंगार. एकही माणूस नाही. हॉटेलवाल्यांच्या तिन्ही अटी एका चौकटीत येऊन उभ्या! एकवीस दिवस ज्याच्यासाठी वणवण केली तो फोटो समोर होता. मी धडाधड क्लिक करत सुटले.

"तो पट्टा," बाबा म्हणाले.

"थांबा हो बाबा."

"तो फिकट पट्टा बघ, रोह्यांच्या पायाखाली."

मग मला दिसला. हरभऱ्यातून आडवी गेलेली एक पिवळट रेघ. जमिनीवर उभं राहून बघितलं तर सगळा हरभरा सारखाच, वरून मात्र रेघ स्वच्छ. बांध वाहून जातो, पण त्याचे दगडगोटे आणि मुरूम मातीत राहतात, तिथं पीक मार खातं, हे बाबांनी मागून सांगितलं. आत्ताचा बांध त्या रेघेच्या अलीकडं होता, आमच्या बाजूला. आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये ती विहीर.

"यात अंतर मोजता येतं का?"

येत होतं. मी दगडापासून रेघेपर्यंत मोजलं. दीडशे फूट आणि वर थोडं. बाबा बोटांवर मोजत होते. "चार साखळ्या, एकशे बत्तीस. नऊ आणे म्हणजे साडेअठरा." मग त्यांनी मोजणं थांबवलं.

"नऊ," ते म्हणाले, आणि दगडावर बसले.

मी विचारलं, "विहीर तेव्हा होती?"

"नुसता खड्डा होता. त्या वस्तीतल्या लोकांनी खणायला घेतला होता."

ही गोष्ट त्यांनी मला पैठणला सांगितली नव्हती. स्वतःच्या शेतात असल्याशिवाय कुणी विहीर खणायला घेतं का? हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, पण त्यांचा चेहरा बघून मी गिळला. बाबा उठले आणि म्हणाले, "मला त्या घरी ने."

"कशाला? हाकलून देतील."

"देऊ दे."

तोवर रस्त्यावर दहा-पंधरा माणसं जमलीच होती. "मोजणी आली व्हय?" बाबांनी या वेळी उत्तर दिलं नाही. त्यांनी त्या जुन्या माणसाचं नाव घेऊन घर विचारलं. कुणालाच कळेना. बाबांनी शेत दाखवलं, वस्ती सांगितली, तेव्हा एकाच्या डोक्यात उजेड पडला.

"अहो मग नऊआण्यांचं घर म्हणा की!"

सगळे हसले. बाबांनी माझा खांदा धरला.

"नऊआणे?" मी विचारलं.

"त्यांचा म्हातारा व्हता ना, तो म्हणं बांधावरून सारखा 'नऊ आणे, नऊ आणे' करत चावडीपासून तालुक्यापर्यंत फिरायचा. सरकारी माणसानं एक आणा सांगितलेला आन् हा म्हणायचा नऊ. लोक म्हणायचे, बांध चोरायला निघालाय. तवापासून नावच पडलं. त्यांच्या नातवंडांनाबी शाळेत तेच म्हणायचे."

म्हणजे बघा. एका आकड्यासाठी माझा बाप साठ वर्षं तळमळत होता, आणि तो आकडा इथं सगळं गाव साठ वर्षं मोठमोठ्यानं ओरडत होतं. अगदी बरोबर आकडा. थट्टा म्हणून.

एक मात्र माझ्या डोक्यात शिरेना. त्या म्हाताऱ्याला नऊ कसं ठाऊक?

घर विहाराच्या मागच्या बाजूला, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. एक सत्तरीच्या पुढची बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. अंगणवाडीतून निवृत्त झालेली, त्या म्हाताऱ्याची सून. मुलं शहरात कंपनीत कामाला. बाबांनी हात जोडले. "रामराम."

"जयभीम," ती म्हणाली. तांदळातला हात थांबला.

"मी मोजणीवाला. लई वर्षांपूर्वी तुमचा बांध मोजायला आलो होतो."

"ठाऊक हाय. मोजणी म्हणालात तवाच वळखलं."

तिनं आम्हाला बसा म्हटलं, पाणी विचारलं नाही. आमच्या मागं ती रस्त्यावरची माणसं अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली होती. बाबांनी सांगायला सुरुवात केली. उर्दूतला नऊ, मराठीतला एक, कारकून रजेवर, वाळवी. मी मोबाइलवर तो फोटो काढून तिच्यापुढं धरला. रोही, हरभरा, रेघ. तिनं फोटोकडं बघितलं सुद्धा नाही.

"साहेब," ती म्हणाली, "कारकून रजेवर व्हता, पण माझा सासरा तर तिथंच उभा व्हता की. त्याला उर्दू येत व्हतं. निजामाच्या शाळेत चार बुकं शिकला व्हता. तुमच्या हातातल्या कागदाकडं लांबूनच बोट दाखवून त्यानं सांगितलं, 'साहेब, त्यो एक नाय, नऊ हाय.' तीनदा सांगितलं. मी नवी नवरी, तिथंच पदर घेऊन उभी व्हते. समदं गाव उभं व्हतं. तुम्ही काय म्हणालात, ठाऊक हाय?"

बाबा खाली बघत होते.

"म्हणालात, 'आता तू मला वाचायला शिकवणार का?' लोक हसले. मी तुमच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला व्हता. तुम्ही म्हणालात, मी कुणाकडचं घेत नसतो. आन् बांधापलीकडं त्या मातब्बरांच्या आंब्याखाली बसून च्या घेतला."

मी बाबांकडं बघितलं. ते आता नाही म्हणतील, म्हणून मी वाट बघितली. नुसतं नाही म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला असता, इतकी मला घाई झाली होती. माझा तो निबंध, तो तांब्या, आईचा तो अभिमान, सगळं मला एकदम आठवलं. मला त्यांचा राग आला, आणि माझी स्वतःची लाजही वाटली, कारण आत्ता या क्षणीसुद्धा मला तिच्या सासऱ्याचं नाही, माझ्या निबंधाचं वाईट वाटत होतं.

"व्हय," बाबा म्हणाले. "सांगितलं होतं."

मग बाबा म्हणाले, "काय करू सांगा. कोर्टात येऊन सांगतो. मोजणीला अर्ज करा, मी साक्ष देतो."

"कोर्ट नको मला. इहिरीला पाणी बी राह्यलं नाय, घेऊन काय करू? माझा सासरा खोटारडा म्हणून मेला. तेवढं लिवून द्या."

मी डायरीतला कागद फाडून दिला. बाबांचं अक्षर अजून सुंदर आहे, सरकारी, एका ओळीत उभं. लिहून त्यांनी कागद तिच्याकडं दिला. तिनं चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली. एका जागी बोट थांबलं.

"'नजरचुकीने नऊ ऐवजी एक वाचला गेला.' ही कुणाची नजर चुकली, साहेब?"

बाबांनी कागद घेतला. 'नजरचुकीने' खोडलं. 'वाचला गेला' खोडलं. लिहिलं, 'मी एक वाचला. तो नऊ आहे असे मला तेथे सांगण्यात आले होते.'

"कुणी सांगितलं?"

बाबांनी तिच्या सासऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं.

"आन् का नाय ऐकलं, ते लिवा."

बाबांचं पेन थांबलं. मी अंगणातल्या शेळीकडं बघत राहिले. कारण काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आमच्या घरात ते कधी कुणी बोललं नव्हतं, आणि न बोलण्यालाच आम्ही सगळे बाबांचा मोठेपणा म्हणत आलो होतो. मग पेनाचा आवाज आला. एकच ओळ. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि कागद परत बाबांच्या हातात दिला.

"माझ्या सासऱ्यानं चारचौघांत सांगितलं व्हतं. तुम्हीबी चारचौघांत वाचा."

बाबा काठी टेकत उठले. मी आधाराला हात पुढं केला, त्यांनी घेतला नाही. अंगणाच्या कडेला माणसं उभी होती, मोजणीसाठी आलेली, कुणाकुणाच्या हातात सातबारे. बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचायला सुरुवात केली. गावाचं नाव, शेताचं वर्णन, चार साखळ्या नऊ आणे, सांगणाऱ्याचं नाव. तिथपर्यंत आवाज ठीक होता. शेवटच्या ओळीला तो पार बसला.

"'सांगणारा माणूस कोणत्या वस्तीतला आहे हे पाहून मी ऐकले नाही.'"

माझ्या शेजारच्यालाही ते धड ऐकू आलं नसेल.

"मोठ्यानं वाचा, साहेब," ती ओट्यावरून म्हणाली. "मागच्यांना ऐकू जात नाय."